आधी दगड ठरव

फोंडा, गोवा

प्रिय बाय,

तू संगणकावर घडवून पाठवलेलं देवळाच्या मंडपाचं थ्रीडी मॉडेल मी तीनदा फिरवून पाहिलं. मेहनत दिसते. पण खांब सोळा सोळा फुटांवर ठेवलेस आणि वर वीतभर जाडीची तुळई टाकलीस. दगड दाब सोसतो, ताण फारसा सोसत नाही. एवढी लांब, बारीक शिळा छताच्या भाराखाली मधोमध तडकेल. जुन्या मंडपांत खांब दाटीने उभे असतात ते यामुळेच. फक्त अंतर कमी करून बघ, जागा लगेच वेगळी वाटेल.

माझी चूकही सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका गेमसाठी मी जांभ्याचं देऊळ केलं आणि त्यावर जाळीसारखी बारीक नक्षी कोरली. गावातल्या एका चिरेकाम करणाऱ्या म्हाताऱ्याला ते दाखवलं, तर तो म्हणाला, "चिऱ्यावर ही वेल टिकली कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, आणि सगळा भोकाभोकांचा. त्यात बारीक रेघ उमटतच नाही. हरवळ्याची लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. तिथले खांब जाड, चौकोनी, साधे. उलट तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर बघ. त्याचा दगड जांभा नाही, तो घाटापलीकडून आणला असं मानतात, म्हणून छतावरचं कमळ आणि खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती एवढा रेखीव उतरला. तेव्हा ब्लेंडर, म्हणजे तुझं थ्रीडीचं सॉफ्टवेअर, उघडण्याआधी दगड ठरव. नक्षी किती खोल, कडा किती धारदार, हे तोच सांगेल.

चालुक्य वळणाचे गोल खांब कातलेले, म्हणजे फिरवत घडवलेले असत. तूही तसंच कर: एका बाजूची रेघ काढ, ती अक्षाभोवती फिरव आणि मग हाताने छिन्नीचे घाव दे.

मूर्तीचं माप चुकलंय. तू डोकी मोजलीस. मूर्तिकार चेहरा मोजतात, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत. तो एक ताल, म्हणजे 12 अंगुळं. नवताल मूर्ती 108 अंगुळांची. आधी उभ्या ठोकळ्यावर नऊ समान खुणा कर आणि त्यातून शरीर काढ. दंड आणि कंबर यांमध्ये थोडा दगड राहू दे. पाथरवट तो आधारासाठी ठेवत, नाहीतर हात निखळतो.

आता झिजेबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. तू भेगांचा एकच अल्फा, म्हणजे नक्षीचा तयार ठसा, सगळीकडे मारलास. झीज अशी सारखी नसते. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून ठिबकतं ते आधी कागदावर काढ. शेवाळ तिथेच धरेल. उंबरा पायांनी झिजतो, नंदीची पाठ हातांनी गुळगुळीत होते. तांबडी सुर्लाच्या नंदीला डोकं नाही. तो तुटलेला भाग जवळून बघ, तो ताज्या फोडीसारखा दिसत नाही, तोही काळवंडलाय. म्हणून मूर्ती आधी पूर्ण, अखंड घडव. ती फाईल वेगळी जपून ठेव आणि तोडफोड दुसऱ्या लेयरवर कर.

रिटोपॉलॉजी (मॉडेलची जाळी हलकी करून नव्याने बांधणं), बेकिंग (बारकावे त्या हलक्या मॉडेलवर चित्ररूपात उतरवणं) तू शिकशील, त्याची मला काळजी नाही. एवढंच लक्षात ठेव, की बाह्यरेषा पॉलिगॉनमधून, म्हणजे मॉडेल ज्या सपाट तुकड्यांचं बनतं त्यांतून येते. नॉर्मल मॅप, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणारं चित्र, फक्त उजेडाला फसवतो, कड बदलत नाही. कमळाच्या पाकळ्या आकाशासमोर दिसणार असतील तर त्या खऱ्याच घडव.

पावसाची उघडीप मिळाली की तांबडी सुर्लाला जा. फोटो काढ, पण आधी तासभर नुसती बस आणि वहीत चितार. घरी आल्यावर फक्त एक खांब कर, राखाडी, टेक्श्चर नाही, रंग नाही. तो मला पाठव. मंडपाचं नंतर बघू.

तुझा,
काका