विलापिका, रडगाणं की हेल?

प्रश्न असा आलाय की सोलापुरात एक ग्रुप कोविडमध्ये गेलेल्यांवर एकांकिका बसवतोय, त्यात एक म्हातारी गात गात रडते, तर त्या गाण्याला पोस्टरवर 'विलापिका' म्हणावं का, आणि 'ट्रॉमा'ला मराठीत काय म्हणायचं.

'विलापिका' नको बुवा. तो समीक्षेतला शब्द, 'एलिजी'साठी, म्हणजे गेलेल्या माणसावरच्या शोककवितेसाठी रुळलेला, त्यात कवी बसून लिहितो. म्हातारी जे करते त्याला आपल्याकडं सरळ 'हेल काढून रडणं' म्हणतात. हंबरडा वेगळा बरं का, तो गाईच्या हंबरण्यावरनं आलाय, त्यात शब्द नसतात. हेलात शब्द असतात, आणि ते मेलेल्याशीच बोलणं असतं, "कुटं गेलास रं माज्या लेकरा, डबा कुणाला देऊ आता", मग त्याचे गुण, त्याच्या खोड्या, मधेच सुनेला एखादा टोमणा सुद्धा. सूर ठरलेला, शब्द तिथल्या तिथं सुचलेले. आपल्या दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडं मोहरमला मर्सिया म्हणतात तो मात्र रचलेला असतो, करबलाच्या शहिदांवरचा, विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत वाढलेला प्रकार, तो आणि हेल एक समजू नका.

आता 'रडगाणं'. शब्द बघितला तर अगदी हवा तोच, रडणं अधिक गाणं, पण आज त्याचा अर्थ नुसती कुरकुर, "झालं का तुझं रडगाणं सुरू!" पोस्टरवर हा शब्द दिसला की लोक कॉमेडी समजून येतील. पण मी असतो तर तो फेकला नसता, म्हातारीच्या मुलाच्या तोंडी टोमणा म्हणून घातला असता.

ट्रॉमाचं म्हणाल तर 'मानसिक आघात' हे डॉक्टरच्या कागदावर ठीक, संवादात नको. लोक 'धसका घेतला' म्हणतात, पण त्यात भीती जास्त, पुढं परत काहीतरी होईल याची. गेलेलं परत येणार नाही म्हणून माणूस खंगतो तेव्हा 'हाय खाल्ली'. गिरणी बंद पडली नि त्यानं हाय खाल्ली, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गंमत म्हणजे नाट्यशास्त्रातही जवळपास हीच फोड आहे: विप्रलंभ शृंगारात, म्हणजे ताटातुटीतल्या प्रेमात, परत भेटायची आशा असते, करुण रसात ती संपलेली असते, आणि करुणाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, शोक. तुमची म्हातारी पहिल्या प्रवेशात विरहात असेल आणि शेवटी करुणात पोचत असेल तर भाषाही तशी बदला, आधी 'कधी येतोस', मग 'कुटं गेलास'.

आणि एक, कोविडमध्ये कितीतरी घरांत मयत दारात आलंच नाही, त्यामुळं हेल काढायचा राहूनच गेला. म्हणून पोस्टरवर 'राहिलेला हेल' लिहा, विलापिका परीक्षकांच्या फॉर्ममध्ये लिहायला ठेवा, तिथं तो शब्द खपतो.