ऑफलाइन गाणी: प्रत्येक उपकरणावर वेगळी उतरवा

आधी एक गैरसमज दूर करा. स्पॉटिफायसारख्या गाण्यांच्या ॲपमध्ये फोनवर डाउनलोड केलेली गाणी टॅबलेटवर आपोआप येत नाहीत. प्लेलिस्ट खात्यात असते, म्हणून ती सगळीकडे दिसते. फाइल मात्र ज्या उपकरणावर उतरवली तिथेच राहते. ती कूटबद्ध, म्हणजे फक्त त्या ॲपलाच वाचता येईल अशी, असल्याने पेनड्राइव्हवर कॉपी करूनही वाजणार नाही. त्यामुळे 'ऑफलाइन' नावाची एकच प्लेलिस्ट करा आणि प्रत्येक उपकरणावर तिचं डाउनलोड बटण दाबा.

स्पॉटिफायच्या प्रीमियम या सशुल्क योजनेत जास्तीत जास्त ५ उपकरणं आणि प्रत्येकावर १०,००० गाणी चालतात. सहावं जोडलंत तर सर्वांत कमी वापरलेल्या उपकरणावरची गाणी पुसली जातात. ३० दिवसांत एकदा तरी ॲप इंटरनेटला जोडावंच लागतं, नाहीतर डाउनलोड निघून जातात. प्रवासाच्या आदल्या दिवशी प्रत्येक उपकरणावर ॲप उघडून घ्या.

जागेचा हिशोब सोपा आहे: ३२० केबीपीएस (आवाजाच्या दर्जाचं माप; आकडा मोठा तितका दर्जा चांगला) ला ४ मिनिटांचं गाणं साधारण साडेनऊ एमबी, १६० ला त्याच्या निम्मं. साध्या ब्लूटूथ इयरफोनसाठी १६० पुरेसं वाटतं.

डाउनलोड मध्येच थांबतंय? बहुतेक वेळा फोनची बॅटरी-बचत ॲपला पार्श्वभूमीत बंद करते. ॲपला त्यातून सूट द्या, वाय-फाय चालू ठेवा. स्मार्ट घड्याळावर उतरवताना ते चार्जरवरच असू द्या. तिथे वेग फार कमी असतो.

शेवटी विमान मोड लावून दोन-तीन गाणी वाजवून बघा.