भाचा तारखेवरून वार सांगतो, मग क्लास लावायचा का?

प्रश्न: माझा भाचा ऑटिस्टिक आहे, वय अकरा. शाळेत गणितात मागे, पण कुठलीही तारीख सांगा, पटकन वार सांगतो. गणपतीत आलेला प्रत्येक पाहुणा त्याची परीक्षा घेतो. आता ताई म्हणतेय दादरला ‘मिडब्रेन’चा क्लास आहे, मेंदूचा बंद भाग उघडून देतात. घालावं का?
– एक मावशी, लालबाग

उत्तर: मावशी, फी भरू नका. या क्लासांत मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात ना, ते नाकाजवळच्या फटीतून बघून, बाकी काही नाही.

भाच्याचं जे सांगताय त्याला सॅव्हंट कौशल्य म्हणतात, म्हणजे एरवी अडचणी असूनही एखाद्याच गोष्टीत विलक्षण हातखंडा, आणि तारखेवरून वार हा त्यातला नेहमीचा प्रकार. डॅरल्ड ट्रेफर्ट या अमेरिकन डॉक्टरांचा अंदाज होता की ऑटिस्टिक लोकांत साधारण १० पैकी एकात असं काहीतरी दिसतं. लोक लगेच दैवी देणगी म्हणतात, पण जरा भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसा. साधं वर्ष म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून वाढदिवसाचा वार दरवर्षी एकने सरकतो, मधे २९ फेब्रुवारी आला की दोनने, एप्रिल आणि जुलै कायम एकाच वारी सुरू होतात, आणि आपल्या हयातीत तरी २८ वर्षांनी अख्खं कॅलेंडर जसंच्या तसं परत येतं. पोरगं हे तासन्‌तास बघत बसलं असणार, कोणी न शिकवता. नियम विचारलात तर सांगता येणार नाही कदाचित, पण हे शिकणंच झालं की!

मेंदूचं म्हणाल तर कोडं आहेच. अमेरिकेतल्या किम पीक या प्रसिद्ध सॅव्हंटना मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा मुख्य दुवाच जन्मापासून नव्हता, हजारो पुस्तकं तोंडपाठ, पण शर्टाची बटणं लावायला वडील लागायचे. काही डिमेन्शियाच्या पेशंटमध्ये डावी बाजू खराब होताना अचानक चित्रकला फुलल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून काही संशोधक म्हणतात, एक भाग ढिला पडला की दुसऱ्याला मोकळं रान मिळतं. पण ते आजारात, भाषा हातची जाता जाता झालेलं, क्लासमध्ये बटण दाबून नाही.

त्यापेक्षा ७ चा पाढा, भागाकारातली बाकी हे सगळं कॅलेंडरवरच घ्या, शाळेतल्या बाईंनाही सांगा. आणि पाहुण्यांसमोरचा तो कार्यक्रम, त्याला स्वतःला मजा येत असेल तरच.