ओल्या कागदावर रंग सोडताना फुलकोबीसारखे डाग पडतात. हे तंत्र शिकायला उपजत हात लागतो का?

आपण लिहिले आहे की वर्षभर सराव करूनही वेट-ऑन-वेट पद्धतीने, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडून, आकाश रंगवताना फुलकोबीसारखे डाग पडतात, ढगांच्या कडा कडक होतात, आणि आपल्या शिक्षकांच्या मते हे तंत्र उपजत हात असणाऱ्यालाच जमते. तर ते शिकायला किती दिवस लागतील? दिवसांचा हिशेब मला सांगता येणार नाही. उपजत हाताचे ते वाक्य मात्र मी स्वतः ऐकलेले आहे आणि त्यापायी माझी चौदा वर्षे गेली, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी मी रत्नागिरीत एका चित्रकलेच्या वर्गाला जात असे. जुलै महिना होता आणि स्मरणचित्राला विषय होता पावसातला एसटी थांबा. मी आकाशाची जागा पाण्याने ओली करून त्यात काळसर निळा सोडला. कागद होता शाळेजवळच्या दुकानात मिळणारा साधा ड्रॉइंग पेपर. पाणी लागताच तो फुगला, मध्ये खळगा पडला आणि त्या खळग्यात निळ्याचे तळे साचले. ते हलवायला ब्रश फिरवला, तेव्हा कागदाच्या बारीक गुठळ्या सुटून रंगात तरंगू लागल्या. सरांनी तो कागद उचलून वर्गाला दाखवला आणि म्हणाले, “तुझा हात जलरंगाचा नाही. तू पोस्टर कलर घे.” मी पोस्टर कलर घेतले, परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्यानंतर जलरंगांची पेटी उघडली नाही.

चौदा वर्षांनी, पुण्यात नोकरी करत असताना, एका मैत्रिणीने तिच्याजवळचा शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) अर्धा ताव मला दिला. तो दोन्ही बाजूंनी भिजवून मी अ‍ॅक्रिलिकच्या पाटीवर बसवला, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग कालवून दाट राखाडी केला आणि ब्रशचे टोक वरच्या कोपऱ्यात टेकवले. राखाडीचा काठ मऊ होत बोटभर सरकला आणि आपोआप थांबला. वाळत गेला तसे निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसले, काठाला सिएनाची ऊब उरली, आणि समोर कोकणातले पावसाळी आभाळ होते. मी त्या टेबलाशी बसून रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पुढच्या रविवारी मी साधा ड्रॉइंग पेपर आणि हा कागद यांचे सारख्या मापाचे तुकडे कापले, दोन्हींवर सारखेच पाणी दिले आणि घड्याळ लावले. साध्या कागदाची चमक दोन मिनिटांच्या आत गेली. कापसाच्या कागदावर सातव्या मिनिटालाही ती होती. हात तोच, रंग तेच. चांगल्या कागदात कापसाच्या तंतूंना जिलेटिनसारखा सरस दिलेला असतो, त्यामुळे पाणी सावकाश मुरते आणि रंगाला पसरायला अवधी मिळतो. हा अवधीच न देणाऱ्या कागदावर मुलांना हे तंत्र करायला लावून नंतर त्यांच्या हाताला नावे ठेवणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या डागांविषयी. कागद अर्धवट वाळलेला असताना त्याच्यापेक्षा ओला ब्रश टेकला, की नवे पाणी आधीचे रंगकण ढकलत नेते आणि ते काठाशी साचतात. हीच ती फुलकोबी. म्हणून ब्रशमधले पाणी नेहमी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवे, आणि त्यासाठी डाव्या हातात फडके असू द्यावे. कागदाकडे वरून न पाहता तिरके पाहावे. आरशासारखी चमक असेल तर रंग वाहून जाईल. ती रेशमासारखी मंद झाली की ढगांची वेळ आली. चमक गेली आणि कागद हाताच्या पाठीला गार लागू लागला, की पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावू नये. रंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा तो वाटतो त्याहून गडद घ्यावा.

आमचे सर नेहमी चित्रकार सा. ल. हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्राचे उदाहरण देत. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ते चित्र जलरंगातले आहे, आणि बोटांआडून झिरपणारा दिव्याचा उजेड पाहून कोणीही नतमस्तक व्हावे. पण त्यावरून “पाणी ताब्यात ठेवता येत नसेल तर जलरंग सोडा” असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. भिजलेल्या कागदावर रंग सोडून त्याला वाहू देणारा इंग्रज चित्रकार टर्नरही (१७७५–१८५१) जलरंगाचाच चित्रकार होता.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली म्हणजे, दोष सगळा कागदाचाच असतो असे नाही. पावसाळी दमट हवेत वाळण्याचे माझे सगळे अंदाज आजही चुकतात, त्यामुळे त्या जुलैतल्या चित्राचा थोडा दोष हवेलाही द्यायला हवा. दमट कपाटात राहिलेल्या महागड्या कागदाचा सरसही खराब होतो आणि तो टीपकागदासारखा ठिपक्याठिपक्यांनी रंग पितो, म्हणून ताव प्लास्टिकमध्ये हवाबंद ठेवावेत. दुसरी गोष्ट खर्चाची. २२ बाय ३० इंचांच्या एका तावाचे सोळा तुकडे होतात आणि सरावाला तेवढे आकाश पुरते. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत कापसाच्या चिंध्यांपासून केलेला कागदही मिळतो. मात्र कोणताही हातकागद घेताना आधी एका कोपऱ्यावर पाणी लावून पाहावे.

या सोळांपैकी पहिल्या तुकड्याशेजारी आपला सध्याचा कागद ठेवा, दोन्हींवर एकाच वेळी एकच रंग सोडा आणि वाळल्यावर ते दोन्ही तुकडे आपल्या शिक्षकांसमोर ठेवा. मला ते करता आले नाही. मी कागद घेऊन रत्नागिरीला गेले, तोवर तो वर्ग बंद झाला होता.