ॲक्टिवा, ज्युपिटर, ॲक्सेस की इलेक्ट्रिक? नाशिकमध्ये रोजच्या वापराला कोणती स्कूटर कमी खर्चात जास्त टिकते?

तुम्ही लिहिलंय की राहायला पाथर्डी फाट्याला, कामाला सातपूर एमआयडीसीत, संध्याकाळी तीच गाडी घरातली मंडळी वापरणार, गाडी बिल्डिंगखाली उघड्यावर उभी राहणार आणि एकदा घेतली की सात-आठ वर्षं बघायला लागू नये.

थेट उत्तर: ज्युपिटर ११०. रोज डबलसीट असेल तर ॲक्सेस १२५. घरी आधीच ॲक्टिवा ठरली असेल तर भांडू नका, तीही तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही.

आता कारणं. मी सिडकोत टू-व्हीलर स्पेअर्सच्या काउंटरवर बसतो. मेकॅनिक आणि गिऱ्हाईक, दोघंही जुना पार्ट हातात घेऊन येतात आणि "असाच द्या" म्हणतात. त्यामुळे कुठल्या गाडीचं ॲव्हरेज किती यापेक्षा कुठल्या गाडीचं काय झिजून येतं हे मला जास्त कळतं. या तिन्ही गाड्यांचं इंजिनाच्या पोटातलं सामान, म्हणजे पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह, फार क्वचित मागितलं जातं, आणि जे येतात त्यांतल्या बहुतेकांनी ऑइल न बदलता गाडी पळवलेली असते. म्हणून "कोणाचं इंजिन भारी" हा वाद चहाच्या टपरीवर ठेवा. खर्च होतो तो इंजिनाच्या बाहेर.

सगळ्यात जास्त होतो डावीकडच्या मोठ्या कव्हरच्या आत. गिअर नसलेल्या प्रत्येक पेट्रोल स्कूटरला तिथे बेल्ट, पुढे व्हेरिएटरमध्ये (वेगाप्रमाणे आपोआप गिअर बदलल्यासारखं काम करणारी पुली) सहा रोलर, मागे क्लच शू आणि त्यावर बेल, म्हणजे वाटीसारखं लोखंडी झाकण, असतं. रेस दिली की रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुढची पुली आवळते, बेल्ट वर चढतो आणि गाडी वेग घेते. हे रोलर गोल असतात तोवर सगळं लोण्यासारखं. जुना रोलर काढून बोटांत फिरवून बघा, एका बाजूला सपाट झालेला असतो, टेबलावर ठेवला तर गडगडत नाही, तिथेच बसतो. मग गाडी उचलताना थरथरते, चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र जागेवरच. लोक येऊन सांगतात, "पिकअप गेला, इंजिन खोलावं लागेल का?" नाही हो. बेल्ट आणि रोलर बदला, हजार-दीड हजाराच्या आतबाहेर काम होतं आणि गाडी परत पळायला लागते. बेल्ट साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरवर बदलायचा असतो, पण तुटेपर्यंत कोणी बदलत नाही. आतल्या दात्यांच्या बुडाशी बारीक भेगा दिसल्या की समजायचं, वेळ आली. तो तुटतो तेव्हा गाडी चालू राहते, रेस होते आणि चाक मात्र फिरत नाही. सातपूरला सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री हे झालं तर ढकलण्याशिवाय इलाज नाही.

क्लच शू आणि बेल मात्र तुमच्या हातात आहे. द्वारकेच्या सिग्नलला उभं राहून ब्रेक दाबलेला ठेवायचा आणि अर्धी रेस देत गाडी सरकवत राहायची, ही सवय शू जाळते. जळालेली बेल निळी पडते. अशी बेल हातात आली की चालवणाऱ्याचा स्वभाव कळतो. थांबायचं तर रेस पूर्ण सोडा, एवढंच.

आता तिघींत फरक कुठे? माझ्या मते पहिला फरक चाकांत आहे. ज्युपिटरला पुढे-मागे दोन्ही १२ इंची चाकं. ॲक्टिवा आणि ॲक्सेसला पुढे १२, मागे १०. तुमचा रस्ता अंबडमधून, म्हणजे ट्रेलर, कंटेनर आणि त्यांनी उखडलेलं डांबर. त्यात सिंहस्थ तोंडावर, कुठला रस्ता कधी खोदतील याचा भरवसा नाही. छोटं चाक खड्ड्यात जास्त आत जातं आणि त्याचा झटका रिम, शॉकॲब्सॉर्बर आणि तुमचं कंबरडं या तिघांत वाटला जातो. शिवाय तेवढ्याच अंतराला छोटं चाक जास्त फेरे मारतं, म्हणून मागचा टायरही लवकर संपतो. मागचं चाक काढायला बहुतेक स्कूटरना सायलेन्सर उतरवावा लागतो, तेव्हा टायर बदलायच्या दिवशी मेकॅनिककडे अर्धा तास जास्त धरा. ट्यूबलेस असल्याने साधा पंक्चर मात्र चाक न काढताच निघतो.

ॲक्टिवाबद्दल कोणी "पुढून खडखड करते" म्हणालं तर त्याला गाडीचं साल विचारा. २००१ मध्ये आलेली ॲक्टिवा पुढच्या बाजूला जुन्या पद्धतीच्या लिंकवर चालायची, तिचे बुश झिजले की आवाज यायचा. ५जी मॉडेलपर्यंत तसंच होतं. २०२० मध्ये ६जी आली तिला पुढे टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी सरकणारे, शॉकॲब्सॉर्बर आले, ती तक्रार तिथे संपली. जुनी गाडी घेणार असाल तर हा फरक लक्षात ठेवा, कारण नाशिकमध्ये विकायला असलेल्या कितीतरी ॲक्टिवा त्याआधीच्या आहेत. सेंटर स्टँडवर लावून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्यावर खटकन अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेलेला. मोठा खर्च नाही, पण भाव पाडायला कामाचा.

ॲक्टिवाची खरी ताकद वेगळीच आहे. तिचा पार्ट कुठल्याही गावात मिळतो, वणीला, घोटीला, सिन्नरला, आणि ती खोलून बसवता येणारा मेकॅनिकही. विकायला काढली तर गिऱ्हाईक घरी येतं. अंगाला पत्रा बराच असल्यामुळे पडली तर पोचा येतो, डेंटर ठोकून सरळ करतो. प्लॅस्टिकच्या पॅनेलचं तसं नाही. वरून नुसता ओरखडा दिसतो, पण आतली लॉकं तुटलेली असतात आणि मग ते पॅनेल कायम खडखडत राहतं. उलट पत्रा खालच्या कडेने गंजतो. तुमची गाडी उघड्यावर, पावसाळ्यात चार महिने भिजणार, तेव्हा मडगार्डच्या आतला आणि फूटबोर्डखालचा चिखल दर पंधरा दिवसांनी पाइपाने धुवा. वरून पॉलिश मारणारे पुष्कळ, खालून धुणारा एखादाच.

ॲक्सेस जड नाही, आणि १२५चं इंजिन असल्याने दोन माणसं बसली तरी दमत नाही. सप्तशृंगी गडाकडे किंवा त्र्यंबकच्या बाजूला डबलसीट जाणं असेल तर ११० आणि १२५ मधला फरक चढाला कळतो. एकट्याला शहरात तो पैसा फुकट.

मेंटेनन्स म्हणजे काय, तर माझ्या लेखी तीनच गोष्टी: ऑइल, फिल्टर, बॅटरी. इंजिन ऑइल या गाड्यांत जेमतेम पाऊण-एक लिटर बसतं. इतकं थोडं ऑइल लवकर मरतं. पुस्तकात लिहिलेली ग्रेड टाका. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत "जाड ऑइल चांगलं" म्हणून २०डब्ल्यू-४० ओतणारे मेकॅनिक आहेत, त्यांना हात जोडा. मागच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, शंभर-सव्वाशे मिली, आणि ते बदलायचं असतं हेच अर्ध्या लोकांना माहीत नाही. तिथून घरघर यायला लागली की बेअरिंगचा खर्च येतो.

एअर फिल्टर हा माझा आवडता विषय. या गाड्यांत बऱ्याचदा तेलकट कागदाचा फिल्टर येतो. तो साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. पण सर्व्हिसिंगला तो काढून हवेच्या प्रेशरने फुंकतात, स्वच्छ दिसतो, गिऱ्हाईक खूश. त्या फुंकरीने त्याचं तेल उडतं, कागद फाटतो आणि अंबडची सगळी धूळ सरळ इंजिनात. फिल्टर काही शे रुपयांचा. त्यात काटकसर करू नका.

बॅटरीचा मुद्दा डिसेंबर-जानेवारीत निघतो. नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला की सकाळी सहापासून दुकानापुढे "सेल्फ घेत नाही"ची रांग. पूर्वी चेतक वाकडी करून किक मारली की काम व्हायचं. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम, आला, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, आणि आता पेट्रोलचा पंपसुद्धा करंटवर चालतो. बॅटरी अशक्त असेल तर किकने भागतं, पूर्ण मेली असेल तर किकही हात वर करते. म्हणून तीन-चार वर्षं झाली की थंडीआधी बॅटरी तपासून घ्या. आणि जी व्हेरिएंट घ्याल तिला किक आहे का ते शोरूममध्ये डोळ्यांनी बघा, हल्ली सगळ्यांना नसते. असेल तर आठवड्यातून एकदा तरी मारा. वर्षभर हात न लावलेली किक आतून कोरडी पडून जाम होते.

पावसाचं एकच सांगतो. गाडी पाण्यात बुडाली, गोदाघाटावर लावलेल्या गाड्यांचं दर पावसाळ्यात होतं तसं, तर सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी असताना फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शंभराचं काम हजारोंत जातं. टोइंग करून न्या, ऑइल काढा, बेल्टचं कव्हर उघडून वाळवा, मग चालू करा.

पार्ट घेताना होलोग्राम आणि छापील किंमत असलेला डबा घ्या. स्वतःच्या दुकानाविरुद्ध बोलतोय असं वाटेल, पण डुप्लिकेट ब्रेक शू मीही विकत नाही. डुप्लिकेट आरसा, फूटमॅट, सीट कव्हर घेतलं तर चालतं. बेल्ट, ब्रेक शू, केबल यांत नको.

इलेक्ट्रिकबद्दल. ऑइल नाही, प्लग नाही, फिल्टर नाही हे खरं. टीव्हीएसच्या आयक्यूबला मोटार थेट मागच्या चाकात असल्याने बेल्टही नाही, एथरला मात्र बेल्ट आहे. बजाजच्या नव्या इलेक्ट्रिक चेतकचं अंग पत्र्याचं आहे. राहतात ते टायर, ब्रेक, शॉकॲब्सॉर्बर, आणि ते पेट्रोलच्या गाडीएवढेच झिजतात. तुमच्या रोजच्या अंतराला रेंजची काळजी नाही. दोन अडचणी आहेत. एक, बिघडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक तिला हात लावत नाही, सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते, म्हणून गाडी निवडण्याआधी सेंटर निवडा. शनिवारी सकाळी तिथे जा आणि गाडी घ्यायला आलेल्या लोकांशी बोला, सेल्समनशी नाही. दोन, या तिन्हींच्या बॅटऱ्या काढून घरात नेता येत नाहीत आणि तुमचं पार्किंग उघड्यावर. स्वतःच्या मीटरवरून खाली पॉइंट ओढायला सोसायटीची परवानगी लागेल, वर छोटं छप्पर लागेल. ते मिळत असेल तर आधी लिहून घ्या आणि इथेच खाली कळवा. मग ज्युपिटरचं माझं उत्तर मी बदलेन.