वाचकांचे प्रश्न : मोठ्या जनावरावर गोळी नेमकं काय करते?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. यावेळचे बहुतेक प्रश्न परवान्यावर शिकार चालते अशा देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी पाठवले आहेत.

प्रश्न : .३०० विंचेस्टर मॅग्नम रायफलीतून मी १८० ग्रेन वजनाची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं, लागल्यावर फुलणारी) गोळी वापरतो. गेल्या वर्षी २५० मीटरवर एल्क (मोठं हरीण) जागीच पडला. यंदा ४० मीटरवर गोळी बरोबर खांद्यात बसली, तरी एल्क दरीत उतरून गेला आणि दुसऱ्या दिवशी सापडला. वर तळहाताएवढी जखम होती, पण आतलं फुप्फुस जवळजवळ शाबूत. जवळून तर गोळीचा जोर जास्त हवा ना? (कॉलोराडो)

उत्तर : जोर जास्त होता, म्हणूनच असं झालं. ही गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. ४० मीटरवर वेग ८७० च्या आसपास राहतो, २५० मीटरवर ७३० च्या. फरक लहान वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे जवळच्या गोळीवर जवळजवळ ४० टक्के जादा ताण आला. त्यात समोर फऱ्याचं (खांद्याचं) जाड हाड. साध्या गोळीत तांब्याच्या पातळ जॅकेटमध्ये, म्हणजे आवरणात, शिसं नुसतं दाबून बसवलेलं असतं, चिकटवलेलं नसतं. एवढ्या माऱ्यात जॅकेट सोलून निघतं, शिसं सुटं होऊन त्याचे तुकडे होतात आणि हलके तुकडे चार बोटं आत जाऊन थांबतात. वरची मोठी जखम पाहून वाटतं गोळीने काम केलं. काम मात्र फुप्फुसापर्यंत पोचलेलंच नसतं.

मांस कापताना गोळीचे अवशेष जरूर शोधा. १८० ग्रेन म्हणजे ११.७ ग्रॅम. सापडलेला तुकडा वजन करा, फुललेल्या टोकाची रुंदी व्हर्नियरने दोन दिशांनी मोजा. रिकामं जॅकेट एकीकडे आणि शिसं दुसरीकडे मिळालं, तर निदान पक्कं. टोक फार फुलणंही घातकच. ७.८ मिमीची गोळी १४ मिमीपर्यंत फुलली की समोरचं क्षेत्रफळ तिपटीहून जास्त होतं आणि ती लवकर अडते. मोठ्या जनावरासाठी व्यासाच्या पावणेदोन पटीपर्यंतचं फुलणं आणि टिकलेलं वजन ही जोडी पाहावी.

हा दोष जुनाच आहे. १९४६ साली कॅनडात मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीत जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या अशाच वरवर फुटल्या. त्यांनी जॅकेटच्या मधोमध तांब्याचा आडवा पडदा ठेवून पार्टिशन गोळी बनवली. पुढचा अर्धा भाग फुटतो, पडद्यामागचा तसाच पुढे घुसत राहतो. साधारण दोन तृतीयांश वजन टिकतं. बाँडेड गोळीत शिसं जॅकेटला सांधलेलं असतं, ती याहून जास्त वजन राखते. अखंड तांब्याची तर जवळजवळ पूर्ण. मॅग्नम रायफलीतून एल्कवर साधी गोळी चालवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती गोळी .३०८ सारख्या कमी वेगाच्या काडतुसात चांगली. सध्याच्या साठ्यातल्याच गोळ्या संपवायच्या असतील, तर फऱ्याचं हाड टाळा. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायामागे, छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा.

प्रश्न : फुलणाऱ्या गोळ्यांवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे असं वाचलं. मग त्या शिकारीला कशा चालतात? (पुणे)

उत्तर : १८९९ चा हेग जाहीरनामा युद्धापुरता आहे. शिकारीचे नियम बहुतेक ठिकाणी याच्या उलट असतात. कॉलोराडोत मोठ्या जनावरांसाठी फुलणारी गोळीच सक्तीची आहे, एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची. पूर्ण जॅकेटची (टोकही झाकलेली, न फुलणारी) लष्करी गोळी बऱ्याचदा अरुंद भोक पाडून निघून जाते. जखमी जनावर मैलभर पळतं आणि तासन्‌तास तडफडतं.

प्रश्न : शेजारच्या फार्मवाल्यांच्या सांगण्यावरून .३०-०६ रायफलीसाठी १८० ग्रेनची तांब्याची गोळी घेतली. कुडूवर (मोठा आफ्रिकी मृग) उत्तम चालली. ३५० मीटरवरचा स्प्रिंगबॉक (लहान मृग) मात्र सुई टोचल्यासारखा पळत सुटला. परत शिशावर जावं का? (विंडहूक, नामिबिया)

उत्तर : नको, गोळी हलकी घ्या. तांबं शिशापेक्षा कडक. त्याच्या पाकळ्या उघडायला गोळी लागते त्या क्षणी सेकंदाला साधारण ५५० ते ६०० मीटर वेग हवा. नेमका आकडा उत्पादक देतो, तो पाहून ठेवा. ३५० मीटरवर तुमची गोळी ६०० च्या आसपास असते, म्हणजे काठावर. शिवाय स्प्रिंगबॉकची छाती अरुंद. गोळी उघडेपर्यंत पलीकडून बाहेर पडलेली असते. १५० ग्रेनची तांब्याची गोळी वेगाने निघते आणि ही मर्यादा पुढे ढकलते. खोल घुसण्यासाठी शिशात लागतं तेवढं वजन तांब्यात लागत नाही, कारण वाटेत ते झडत नाही.

दोन अडचणी येतात. तांब्याची घनता ८.९, शिशाची ११.३, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. काडतुसात ती खोल बसवावी लागते आणि तिला स्थिर ठेवायला नळीचे आटे (आतल्या पिळदार खाचा) जास्त वेगाने फिरवणारे लागतात. .३०-०६ च्या नेहमीच्या १० इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीला १५० ग्रेन सहज जमतं. दुसरं, नळीत तांब्याचा थर साचतो. गोळ्यांचा गट (लक्ष्यावरची भोकं) पसरू लागला की दुर्बिणीला दोष देण्याआधी तांबं विरघळवणाऱ्या द्रावणाने नळी साफ करा.

शिशापासून दूर राहायचं मोठं कारण मांस. फुटणाऱ्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात शिरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि धुऊनही जात नाहीत. बिल्टाँग (सुकवलेलं मांस) घरातली मुलं खातात, गरोदर बाई खाते, हे लक्षात घ्या. रानात टाकलेली आतडी गिधाडं खातात. कॅलिफोर्नियात काँडोर ही गिधाडं शिशाच्या विषबाधेने मरत होते. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद आहे.

प्रश्न : नामिबियाच्या झांबेझी भागात केप बफेलोसाठी (आफ्रिकी रानम्हैस) .३७५ एच अँड एच रायफल नेणार आहे. सॉफ्ट (फुलणारी) गोळी न्यावी की सॉलिड (न फुलणारी)? (जोहान्सबर्ग)

उत्तर : दोन्ही न्या. पहिली गोळी ३०० ग्रेनची बाँडेड किंवा तांब्याची सॉफ्ट, मागच्या सगळ्या सॉलिड. सॉलिड पहिली का नको? ती आरपार जाते आणि कळपात मागे उभ्या दुसऱ्या बफेलोला जखमी करते. तसा जखमी बफेलो झाडीत दडून राहतो, आणि संध्याकाळी तुमच्यासाठी माग काढणारा माणूस त्याच्या वाटेत येतो. पळणाऱ्या बफेलोला मागून मारायची वेळ आली, तर भरलेल्या पोटातून छातीपर्यंत फक्त सॉलिडच पोचते. सॉलिड सपाट नाकाची घ्या. गोल नाकाची आत गेल्यावर वाट सोडण्याची शक्यता जास्त. सपाट नाक काही रायफलींत मॅगझिनमधून चढताना अडकतं, म्हणून निघण्याआधी मॅगझिन पूर्ण भरून प्रत्येक गोळी चढवून पाहा. दोन्ही प्रकार ५० आणि १०० मीटरवर एकाच जागी लागतात का, तेही तपासा.

नामिबियात बफेलोसाठी कायद्याने किमान ५,४०० जूल ऊर्जा लागते. ३०० ग्रेनच्या गोळीला त्यासाठी सेकंदाला ७४५ मीटर वेग हवा. कारखान्याच्या काडतुसावर ७७० छापलेलं असतं, पण ते लांब नळीचं मोजमाप. तुमची नळी आखूड असेल तर क्रोनोग्राफ या यंत्रावर वेग मोजून घ्या.