बायकोला कॅन्सर, तिला हवाय निसर्गोपचार: एफडी मोडून ५ लाख ४० हजार भरू का?

सिंहगड रोडवरून एका वाचकाचा प्रश्न आलाय. वय ४६, चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, मिसेस ४३ वर्षांच्या, खासगी शाळेत शिकवतात, मुलगी अकरावीला. मागच्या महिन्यात मिसेसना स्तनाचा कॅन्सर निघाला, दुसरी स्टेज. डॉक्टरांनी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असं सांगितलं आणि सगळ्याचा अंदाज ७ ते ८ लाख दिला. पण वहिनींनी लहानपणी मावशीला केमोत हालहाल होऊन जाताना बघितलंय, त्या केमोला नाहीच म्हणतायत. त्यांना पुण्याबाहेरच्या एका नैसर्गिक उपचार सेंटरला जायचंय, तीन महिने तिथेच राहायचं, ५ लाख ४० हजार आधी भरायचे, परत मिळणार नाहीत, आणि नंतर घरी आल्यावर महिन्याला २८ हजारांची औषधं. यांच्याकडे ९ लाखांची एफडी, म्युच्युअल फंडात १४ लाख, पीपीएफमध्ये ११ लाख, स्वतःची १० लाखांची फॅमिली फ्लोटर मेडिक्लेम ६ वर्षं जुनी, कंपनीची ५ लाखांची वेगळी, घराचा हप्ता ३१ हजार. विचारतायत की एफडी मोडू, फंड विकू की सोनं तारण ठेवू. आणि शेवटी एक ओळ, "पैसे नाहीत असं खोटं सांगून तिला केमोला भाग पाडू का?"

दादा, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो कारण खरा प्रश्न तोच आहे. नका करू असं. शरीर त्यांचं आहे, उपचाराला हो किंवा नाही म्हणायचा हक्क त्यांचाच, आणि घरात जे साठलंय त्यात त्यांचा पगार पण आहे. आज ना उद्या पासबुक त्यांच्या हातात पडणारच, आणि ज्या वर्षात त्यांनी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायला हवा नेमक्या त्याच वर्षात तो जाईल. पण पैसे लपवू नका म्हणजे मागतील तसे भरून टाका असंही नाही. ५ लाख ४० हजार एकरकमी, परत न मिळणारे, असे भरू नका हे माझं स्पष्ट मत आहे. का ते सांगतो.

आधी साधा हिशोब. सेंटरचे ५ लाख ४० हजार, पुढच्या नऊ महिन्यांच्या औषधांचे २ लाख ५२ हजार, झाले ७ लाख ९२ हजार, आणि हे सगळे खिशातून. ९ लाखांच्या एफडीतले राहिले १ लाख ८ हजार, म्हणजे घराचे जेमतेम तीन हप्ते. त्याच वर्षात वहिनींचा पगार बंद असण्याची शक्यता आहे. आता दुसरी बाजू बघा, हॉस्पिटलचा अंदाज ७ ते ८ लाख आणि तुमच्याकडे दोन पॉलिसी मिळून १५ लाखांचं कव्हर. केमोला रात्रभर ॲडमिट राहावं लागलं नाही तरी ती डे-केअरमध्ये धरतात, क्लेम मिळतो. म्हणजे जो उपचार महाग वाटतोय त्याचा मोठा भाग विमा उचलणार आणि जो "नैसर्गिक" म्हणून सौम्य वाटतोय तो तुमची सगळी रोकड संपवणार. हे वहिनींना कोणी कागदावर मांडून दाखवलंय का? दाखवलं नसेल तर आज रात्री मुलगी झोपल्यावर दोघं बसा, आकडे त्यांच्याच हातानं लिहू देत.

विमा सगळंच देईल असं समजू नका. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा असेल आणि तुम्ही वरची रूम घेतली तर नुसतं भाडं नाही, बाकी बिलाचा बराचसा भाग पण त्याच प्रमाणात कापतात. ग्लोव्हज, मास्क वगैरेचे पैसे बहुतेक पॉलिसीत मिळत नाहीत. तुमची पॉलिसी ६ वर्षं सलग आहे ही मोठी जमेची गोष्ट, कारण ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, तुम्ही आधी अमुक आजार सांगितला नव्हता असं म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. रिन्यूअलची तारीख मात्र कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका, बँक खात्याला ऑटो-डेबिट लावा. आणि तुम्ही लिहिलंय की काळजी घ्यायला नोकरी सोडायचा विचार आहे, तर थांबा, नोकरी सोडलीत की कंपनीची ५ लाखांची पॉलिसी गेलीच आणि कॅन्सर निघाल्यावर बाहेर नवीन पॉलिसी मिळणं फार अवघड. एचआरशी बोला, बिनपगारी रजा, घरून काम, शिफ्ट बदलून घेणं, काय वाट्टेल ते करा पण कंपनीच्या पटावर राहा.

आता तुम्ही विचाराल की आयुषचं, म्हणजे आयुर्वेद, निसर्गोपचार, होमिओपॅथी वगैरेचं, कव्हर असतं ना, मग सेंटरचे पैसे पण विमा देईल. आयुष उपचार बाकीच्या उपचारांच्या बरोबरीनं धरा असं इर्डानं, म्हणजे सरकारी विमा नियामकानं, विमा कंपन्यांना सांगितलंय, १ एप्रिल २०२४ पासून, हे खरंय. पण त्यासाठी ते नियमात बसणारं आयुष हॉस्पिटल लागतं, तिथे ॲडमिट असावं लागतं आणि उपचार त्या आजारावरचा असावा लागतो. रिसॉर्टसारखी जागा, पॅकेज, वेलनेस असलं काही असेल तर क्लेम अडकतो. सेंटरला तोंडी विचारू नका, ते हो हो म्हणतील. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या संस्थेला, मेल करा, सेंटरचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, पॅकेजचा कागद जोडा आणि लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयासुद्धा देऊ नका.

दुसरं, तुम्ही त्यांच्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवलाय, त्यात "कॅन्सर मुळापासून बरा" असं छापलंय. १९५४ चा एक कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट, त्यात ज्या आजारांवर औषधाची अशी जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत कॅन्सर आहे. जी जागा कायद्यानं मना असलेलं वाक्य छापते आणि वर पैसे परत नाही म्हणते, तिथे मी माझ्या कुठल्याही क्लायंटला ॲडव्हान्स भरू देणार नाही. निसर्गोपचाराबद्दल मला आकस नाही, आपल्या पुण्याला तो नवाही नाही, उरुळी कांचनचा आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला, कित्येक घरांतली माणसं तिथे जाऊन आलीत. पण प्रकृती सुधारायला जाणं वेगळं आणि दुसऱ्या स्टेजची गाठ त्यावर सोडून देणं वेगळं.

मी डॉक्टर नाही, पण पैशांचा सल्ला देताना हा भाग टाळता येत नाही म्हणून सांगतो. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये एक अभ्यास छापलाय, अमेरिकेतल्या अशा २८१ पेशंट्सचा ज्यांचा कॅन्सर अजून पसरला नव्हता आणि ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी तुलना केली तर त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींच्या वर. हा आकडा वहिनींच्या तोंडावर मारायला वापरू नका. पण तुम्हाला माहीत असायला हवा, कारण एफडी पुन्हा साठवता येते, या दुसऱ्या स्टेजमधले महिने परत येत नाहीत. आणि सहा महिन्यांनी आजार पसरून त्या केमोला तयार झाल्या तर उपचार जास्त लांबतील, विम्याची मर्यादा वर्षाला तेवढीच राहील आणि हातात रोकड नसेल. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

मग करायचं काय. वहिनींची भीती खोटी नाही हे धरून चाला, मावशीचं त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. पण ते तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं, तेव्हापेक्षा उलटी-मळमळ थांबवायची औषधं आज खूप चांगली आहेत, डोस ठरवायची पद्धत बदललीये. पहिला खर्च सेकंड ओपिनियनवर करा. परळला टाटा मेमोरियलला जायची ताकद नसेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली 'नव्या' (Navya) या नावाची ऑनलाइन सेवा आहे, रिपोर्ट अपलोड करून तज्ज्ञांचं मत मिळतं. गाठीच्या तपासणीतला हर-टू (HER2) रिपोर्ट काय आलाय तेही तुम्ही लिहिलं नाहीये, तो पॉझिटिव्ह असेल तर केमोसोबत दर तीन आठवड्यांनी साधारण वर्षभर चालणारं इंजेक्शन असतं, त्यात भारतात बनणारे स्वस्त पर्याय आहेत, डॉक्टरांना विचारा आणि पैशांचं वेळापत्रक त्याप्रमाणे लावा. आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा की जिचे उपचार पूर्ण झालेत अशी एखादी बाई वहिनींशी बोलेल का, नवऱ्याच्या दहा वाक्यांपेक्षा तिचा एक चहा उपयोगी पडेल.

त्याच वेळी वहिनींसाठी एक वेगळी रक्कम काढा, मी म्हणेन १ लाख, त्यांच्याच खात्यात. योगा, आहारतज्ज्ञ, मसाज, समुपदेशन, त्यांना बरं वाटेल ते, त्यावर तुम्ही हिशोब मागायचा नाही. टाटा मेमोरियलनं स्वतः स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंट्समध्ये योगाचा मोठा अभ्यास केलाय, नेहमीच्या उपचारांसोबत, तर हे दोन्ही एकत्र चालू शकतं हे त्यांना कळू दे. अट एकच, पोटात जाणारा प्रत्येक काढा, भस्म, गोळी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायची, कारण काही औषधं लिव्हरवर ताण आणतात आणि केमोच्या कामात लुडबुड करतात.

आणि एवढं करूनही त्या नाहीच म्हणाल्या तर? डॉक्टर म्हणतील थांबू नका आणि ते बरोबरच आहे, मीही तेच म्हणतोय. पण निर्णय त्यांचा असेल तर तुम्ही दार उघडं ठेवा. सेंटरला पैसे महिन्याच्या महिन्याला, लेखी पावती, मध्येच सोडलं तर उरलेले परत, हे मान्य नसेल तर दुसरी जागा बघा. जायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांची पुढची तारीख आणि तपासणी ठरवून घ्या, गाठ वाढली तर काय करायचं हे दोघांनी आधीच बोलून ठेवा, आणि एफडीतल्या ६ लाखांना त्या काळात हात लावायचा नाही. सोनं त्यांचं स्त्रीधन आहे, त्यांनी ठेवलं तारण तर तुम्ही अडवू शकत नाही, पण तुम्ही होऊन सुचवू नका.

पैसे लागलेच तर आधी पगार आणि बचत खातं, मग एफडी, तीही पूर्ण न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तसं कर्ज, व्याज एफडीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं पण वापराल तेवढ्यावरच. मग फंड, एका वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन इक्विटी नफ्यावर कर नाही, वर साडेबारा टक्के, तेव्हा ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे थोडं थोडं विका. पीएफमधून आजारपणासाठी ॲडव्हान्स मिळतो. पीपीएफ अगदी शेवटी, जोडीदाराच्या गंभीर आजारासाठी पाच वर्षांनंतर मुदतीआधी बंद करता येतं पण व्याज एक टक्का कमी धरतात. राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत, यादीतल्या हॉस्पिटलात योजनेचे मदतनीस, आरोग्यमित्र, बसतात त्यांना रेशन कार्ड घेऊन भेटा. जुन्या कर-पद्धतीत असाल तर कॅन्सरच्या उपचारखर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट (८०डीडीबी म्हणून ओळखतात ती), विम्यानं दिलेले वजा करून, आणि प्रिस्क्रिप्शन कॅन्सर-तज्ज्ञाचं लागतं, सेंटरच्या पावतीवर मिळणार नाही. वहिनींच्या नावावर एखाद्या जुन्या पॉलिसीला क्रिटिकल इलनेस रायडर, म्हणजे गंभीर आजारासाठी जोडलेलं जादा कव्हर, आहे का तेही कपाटातून काढून बघा, तो लागू झाला तर रक्कम एकरकमी मिळते आणि कुठल्या उपचारावर खर्च केली हे कंपनी विचारत नाही.

मुलीच्या क्लासच्या फीचं विचारलंत, तर दोन वर्षांची फी फंडातून लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या आणि पटकन पैसे काढता येणाऱ्या फंडात, काढून ठेवा आणि तुमची एसआयपी सहा महिने थांबवा. टीपीएचं उत्तर आणि हर-टू रिपोर्ट आला की मला पाठवा, केमोच्या तारखांप्रमाणे महिन्याचं कोष्टक करून देतो, त्याची फी नको.